पाठीवरची पत्ती

गाडीच्या पुढच्या चाकाआड, कॅलिपरच्या पोटात, ब्रेक पॅडच्या पोलादी पाठीवर रिव्हेटने बसवलेली एक बारकी पत्ती असते. लांबीला करंगळीच्या दोन पेरांएवढी, स्प्रिंग स्टीलची, टोकाशी वळवलेली. कंपनीच्या कागदावर तिचं नाव ‘वेअर इंडिकेटर’. गॅरेजात ‘पॅडची पत्ती’ म्हटलं की पुरतं. सुटी करून हातात दिली तर कुणीही ती फेकून देईल. ती गाडी थांबवत नाही, चाक धरत नाही, कसला भारही पेलत नाही. तिला एकच काम नेमून दिलेलं आहे, तेही आयुष्याच्या शेवटी करायचं: पॅड संपत आला की ओरडायचं.

गाडीच्या हजारो भागांत मला ती सगळ्यात जास्त आवडते. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. गिअरबॉक्सला, सस्पेन्शनला चाहते असतात. या पत्तीकडे मात्र लोक फक्त रागाने बघतात, कारण तिची ओळख होते तीच कानठळ्या बसवत. तिची बाजू कुणीतरी नीट मांडायला हवी, असं मला बरेच दिवस वाटत आलं आहे.

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. पत्तीचं टोक त्या थराच्या पृष्ठभागापासून बरंच मागे, म्हणजे बिडाच्या चकतीपासून लांब उभं असतं. ब्रेक दाबला की पॅड चकतीला भिडतो, पत्ती नुसती बघते. घाट उतरताना चकती इतकी तापते की पाण्याचा थेंब पडला तर चर्रकन उडून जावा. ती धग पत्ती सोसते. पावसाळ्यात चिखल, सुगीत धूळ, आणि बारा महिने पॅडमधून झडणारी काळी पूड अंगावर घेते. पॅड झिजतो, ती झिजत नाही. पण पॅड झिजेल तशी ती चकतीच्या जवळ सरकत जाते. थर दोन-अडीच मिलिमीटरवर आला की तिचं टोक फिरत्या चकतीला शिवतं आणि ती पहिल्यांदा तोंड उघडते.

तिचा आवाज बारीक, उंच आणि एकसुरी. ‘चीं’ म्हणून सुरू होतो आणि चाक फिरतंय तोवर लांबत राहतो. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि चाकाकडून येणारी किरकीर बहुधा तिथेच कुठेतरी असते. म्हणून रेडिओ मोठा केला, काचा वर घेतल्या तरी ती ऐकू येतेच. रस्त्यावरचे लोक वळून बघतात, शेजारचा दुचाकीवाला “ओ, ब्रेक बघा” म्हणून हात करतो. तिला हेच हवं असतं. लाजून का होईना, मालकाने गाडी गॅरेजात घालावी.

कोल्हापूरला जुन्या गाडीचं कौतुक नवं नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकाकडे निघते, ती १९३०च्या दशकातली. तिला बघायला आजही लेकरं खांद्यावर घेऊन लोक उभे असतात. घरोघरी पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आहेत आणि त्या विकायचं कुणाच्या मनात येत नाही. वडिलांनी घेतलेली, लग्नात नटवलेली, आजीला दवाखान्यात नेलेली गाडी भंगारात कशी घालणार? अशा गाडीत पडदा नसतो, ‘ब्रेक पॅड बदला’ म्हणून मराठीत की इंग्रजीत लिहून येत नाही. गाडीने आपल्याशी बोलायचं तर ते आवाजातून, वासातून आणि पायाखालच्या पेडलमधून. या जुन्या बोलीतलं सगळ्यात स्पष्ट वाक्य पत्तीचं असतं.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी गाडी नेतो, ते आवाजाची तक्रार सांगितली की आधी एकच प्रश्न विचारतात: “मारल्यावर वरडतीय का सोडल्यावर?”

एवढ्या चार शब्दांत अर्धं निदान होतं. पत्तीच्या ओरडण्याची खूण अशी की सुरुवातीच्या दिवसांत ती ब्रेक न दाबता, गाडी नुसती चालत असतानाच किणकिणते. पॅड सोडलेला असला तरी चकतीच्या अगदी अंगाशी असतो, त्यामुळे टोक हलकेच घासत राहतं. चाकाचा वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. ब्रेक दाबला की पत्ती दाबली जाते, तिचं थरथरणं आवळलं जातं, आणि आवाज बंद होतो किंवा निदान बदलतो. लोक इथेच फसतात. ब्रेक मारल्यावर आवाज थांबतो, म्हणजे ब्रेक चांगला आहे, अशी समजूत करून घेतात. खरं तर नेमकं उलटं आहे. पॅड आणखी झिजला की ती मारल्यावरही ओरडते आणि सोडल्यावरही.

त्यानंतरही कुणी लक्ष दिलं नाही तर तिसरी पायरी येते. घर्षणाचा थर संपतो, पॅडची पोलादी पाठ थेट चकतीवर घासू लागते. तेव्हा ‘चीं’ जाऊन ‘खर्र’ येतं. पेडलमधून पायाला खरखर जाणवते. चकतीवर खोल चरे पडतात आणि पॅडच्या जोडीसोबत चकत्यांचीही जोडी घालायची वेळ येते. मिस्त्रींचा हिशोब सरळ आहे: “चीं हाय तोवर पॅड. खर्र झालं की डिस्क बी.”

पण प्रत्येक ‘चीं’ पत्तीचं नसतं. तिच्या नावावर ओरडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळे ती बदनाम होते. पावसाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिली की बिडाच्या चकतीवर तांबूस गंजाचा पातळ पापुद्रा चढतो. सकाळी पहिले चार-पाच ब्रेक करकरतात, पापुद्रा खरवडला जातो आणि कॉलनीच्या तोंडाशी पोचेपर्यंत सगळं शांत होतं. त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही. गगनबावड्याच्या रस्त्याला जांभ्याचा बारीक खडा उडून चकती आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या आडोशात अडकला तर असा कर्कश किंचाळतो की आता चाक निखळतंय असं वाटावं. गाडी थोडी मागे घेतली तर पुष्कळदा तो आपसूक गळून पडतो. पुढे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पाचटाचा कचरा, ट्रॉल्यांनी उडवलेला धुरळा आणि हळूहळू सरकणाऱ्या रांगेमागे दर मिनिटाला दाबावा लागणारा ब्रेक, हे सगळं पॅडच्या तोंडावर साचतं.

आणखी एक ढोंगी म्हणजे काचेसारखा गुळगुळीत झालेला पॅड. पॅडच्या मिश्रणात धातूचे तंतू, ग्राफाइट, रबराची भुकटी, अपघर्षक कण आणि हे सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन असतं. तो अती तापला की पृष्ठभागावर चकचकीत कडक थर बसतो. मग तो चकती धरत नाही, तिच्यावर घसरतो. हा पॅड मारल्यावर ओरडतो, सोडल्यावर गप्प. भरीला पॅडच्या पाठीमागची शिम हरवलेली असेल, आधाराच्या क्लिपा ढिल्या झाल्या असतील, गाईड पिनवरचं ग्रीस सुकून खडा झालं असेल, तर पॅड कॅलिपरमध्ये थरथरतो आणि ती थरथर आवाज होऊन बाहेर पडते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार क्षणभर गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. पॅड आणि चकतीचं भांडणही याच चालीचं. तिथे राग निघतो, इथे किंकाळी.

ही किंकाळी डिस्क ब्रेकच्या जन्माइतकी जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या ब्रेकमध्ये धातूच्या चकतीवर तांब्याचे पॅड घासत, आणि आवाज असा उठे की ऐकवत नसे. पुढे १९०७च्या सुमारास हर्बर्ट फ्रूडने पॅडला ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं तेव्हा कुठे तो कल्लोळ आटोक्यात आला. ‘फेरोडो’ या नावामागचा फ्रूड तो हाच. ॲस्बेस्टॉसने आवाज मिटवला, पण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन किती कामगारांना खाऊन गेली हे जगाला फार उशिरा उमगलं. म्हणून जुन्या गाडीचं ड्रम किंवा कॅलिपर उघडल्यावर आतली पूड हवेच्या पाइपाने उडवायची सवय ज्या गॅरेजांत आहे, तिथे मला राहवत नाही. ओल्या फडक्याने पुसा, ब्रेक क्लीनर मारा, पण ती फुंकू नका. बोळात खेळणारी पोरं तीच हवा घेत असतात.

चकतीबद्दल कोल्हापूरकराने दोन शब्द बोललेच पाहिजेत. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आणि त्याआधीपासून उद्यमनगरात बीड ओतलं जातं, आणि वाहनउद्योगाला लागणारं ओतकाम हे या गावाच्या पोटापाण्याचं साधन आहे. ब्रेकची चकती करड्या बिडाची का करतात, पोलादाची का नाही, हे इथल्या फौंड्रीतला कामगार सांगू शकतो. करड्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात पसरलेलं असतं. पोलादावर हातोडा मारला तर ते घणघणत राहतं, बिडावर मारला तर ठप्प होतं. ग्राफाइटचे पापुद्रे ती थरथर पिऊन टाकतात. शिवाय बीड उष्णताही झटकन वाहून नेतं. म्हणजे ज्या चकतीवर पत्ती ओरडते ती चकती मुळात आवाज गिळायला बनवलेली आहे. तरीही ऐकू येईल इतकं ओरडायचं, हे पत्तीचं काम.

आता तिच्या शिकलेल्या भावंडाविषयी. महागड्या गाड्यांत पत्तीच्या जागी, किंवा तिच्या जोडीला, विजेचा सेन्सर असतो. महाराष्ट्रात त्याची ओळख बऱ्याच मिस्त्रींना १९९५नंतर झाली, कारण त्या वर्षी पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ मालिकेतल्या गाड्या बनायला लागल्या. त्यातल्या काही आजही पश्चिम महाराष्ट्रात फिरताना दिसतात आणि हौशी मालक त्या जिवापाड सांभाळतात. त्यांच्या पुढच्या पॅडमध्ये एकेरी तारेचा सेन्सर खोचलेला असतो: प्लॅस्टिकच्या आवरणात धातूचं टोक. पॅड झिजत आला की आवरण घासून जातं, टोक चकतीला लागतं, चकतीतून बॉडीला अर्थ मिळतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. सुरुवातीला फक्त ब्रेक दाबल्यावर लुकलुकतो, नंतर कायम राहतो.

बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत स्वभाव उलटा. तिथे तारेचा वेढा असतो आणि त्यातून विद्युतप्रवाह सतत फिरत असतो. पॅड झिजला की चकती तो वेढा घासून तोडते, प्रवाह थांबतो, दिवा लागतो. त्या सेन्सरने एकदा निरोप दिला की तो संपला. पॅडसोबत नवा घालावाच लागतो.

या दोघांतला फरक मला माणसांतल्या फरकाइतका मोलाचा वाटतो. एकेरी तारेचा सेन्सर तुटला, तार उंदराने कुरतडली, सॉकेट गंजलं, तर तो मुका होतो. पॅड संपला तरी दिवा लागत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. वेढ्याचा सेन्सर तुटला तर तो ओरडतो. पॅड चांगला असूनही दिवा लागतो, मालक वैतागतो, पण गाफील राहत नाही. स्वतः बिघडल्यावर गप्प बसणाऱ्यापेक्षा बोंब मारणारा बरा. पत्तीचं मोठेपण इथे पुन्हा दिसतं. तिला तार नाही, सॉकेट नाही, बल्ब नाही. ती गंजली तरी घासते आणि घासली की ओरडतेच.

जुन्या गाडीत हा दिवा खोटं बोलतोय की खरं, हे तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. एकेरी तारेच्या गाडीत दिवा लागलाय आणि पॅड जाड दिसतायत, तर सेन्सरचं सॉकेट काढून बघायचं. दिवा विझला तर दोष सेन्सरच्या बाजूला. नाही विझला तर वर कुठेतरी वायर सोलपटून बॉडीला टेकतेय, बहुतेक वेळा चाकाच्या कमानीत, जिथे ती वळताना घासते. उलट दिवा कधीच लागत नसेल तर चावी फिरवून गाडीच्या बाजूचं टोक उघड्या लोखंडाला टेकवायचं. दिवा लागला तर वायरिंग शाबूत आहे. नाही लागला तर बल्ब गेला किंवा तार तुटली. वेढ्याच्या गाडीत सॉकेटच्या दोन टोकांना तात्पुरता जोड द्यायचा. दिवा विझला तर सेन्सर गेलेला.

हा तात्पुरता जोड कायमचा होतो, तिथे माझं भांडण सुरू होतं. सेन्सर महाग, मागवायला चार दिवस लागतात, म्हणून दोन तारा पिरगळून त्यावर टेप गुंडाळतात आणि “आता दिवा लागायचा नाही” असं समाधानाने सांगतात. पत्तीच्या बाबतीत तर याहून सोपं. ओरडते ना? पक्कड घ्या आणि टोक मागे वाकवा. कुणी ती रिव्हेटसकट उपटून टाकतं. कुणी पॅडच्या पाठीला भाराभर ग्रीस फासतं. ते तापून वितळतं आणि चकतीवर ओघळतं. गिऱ्हाईक खूश होतं, कारण आवाज गेला. आवाज घालवण्यासाठी पैसे दिले होते आणि काम झालं.

असा माणूस मग एका रविवारी कुटुंबाला घेऊन कोकणात निघतो. फुलेवाडी, बालिंगा, कळे करत गगनबावडा गाठतो, तिथे चहा घेतो आणि करूळ घाट उतरायला लागतो. वळणांमागून वळणं, एका बाजूला दरी, समोरून वर चढणारे ट्रक. उतारावर ब्रेकचा आधार घेत राहिलं की पॅड तापतात. पॅड जितका पातळ तितकी ती उष्णता पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे लवकर पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेणारं असतं, वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली आलेला असतो. त्यात वाफेचा बुडबुडा झाला की पेडल मऊ पडतं, पाय खाली जातो आणि गाडी धरत नाही. ज्या पत्तीने आठवडाभर आधी सांगितलं असतं, तिचं टोक कुणीतरी पकडीने मागे वाकवलेलं असतं. हे मी लिहितो तेव्हा मला मनापासून संताप येतो. दोन-अडीच मिलिमीटरच्या गोष्टीवर आपण चार माणसांचे जीव टांगतो.

पत्तीची जागा कुठे आहे, हेही बघण्यासारखं आहे. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाला दोन पॅड असतात, एक बाहेरचा, एक आतला, आणि पत्ती आतल्यावर असते. मिस्त्रींनी परवा एका जुन्या सेडानचं चाक उतरवलं तेव्हा त्याचं कारण समोर दिसलं. चाक असताना फटीतून बॅटरी मारली तर बाहेरचा पॅड चांगला पाच मिलिमीटर दिसत होता. गाडीचा मालक म्हणाला, “मिस्त्री, पॅड तर हायत की.” मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चौदाचा पाना लावून खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलला आणि तारेच्या आकड्याने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगला, कारण तो होजवर लोंबकळला तर आतून होज दुखावते. मग आतला पॅड काढून गोणपाटावर ठेवला. थर दोन मिलिमीटरही नव्हता आणि तोही पाचरीसारखा, एका टोकाला जास्त खाल्लेला. पत्तीचं टोक घासून आरशासारखं चमकत होतं.

“आता पिन बघा,” म्हणून त्यांनी गाईड पिन ओढली. ती सहज यायला हवी होती. तिला फिरवावं लागलं, पाना टाकून हिसडावं लागलं, तेव्हा निघाली. रबरी बूट चिरलेला, आत पाणी गेलेलं, ग्रीसचा चॉकलेटी खडा झालेला. फ्लोटिंग कॅलिपर या पिनांवरच सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड चकतीवर ओढला जातो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर. बाहेरचा धडधाकट दिसतो, आतला मरतो. पत्ती बसवणाऱ्याला हे ठाऊक होतं. माणसाची नजर जिथे पोचत नाही तिथे त्याने तिला नेमलं.

दुसरा साक्षीदार बॉनेटखाली असतो. पॅड झिजतील तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला डब्यातलं ब्रेक ऑइल खाली उतरतं. पातळी हळूहळू ‘मिन’च्या रेघेकडे आली आणि कुठे गळती नाही, तर तो पॅड झिजल्याचाच निरोप समजायचा. सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीत कुणीतरी भक्तिभावाने ते वरपर्यंत भरून ठेवतं आणि ही साक्ष पुसली जाते. पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खातं.

मागच्या चाकांत जिथे ड्रम आहे तिथे पत्ती नसते. ड्रममधले शू मुकाट झिजतात. हँडब्रेकचा दांडा जास्त वर यायला लागतो, एवढाच इशारा. मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढून बॅटरीने आत डोकावता येतं, पण मी आजवर फार थोड्या गॅरेजांत ते बूच काढलेलं पाहिलं आहे.

त्या सेडानची चकती मिस्त्रींनी व्हर्नियर लावून मोजली. चकतीच्या टोपीवर कमीत कमी जाडी कोरलेली असते; तिच्यापेक्षा ती जाड होती, चरे वरवरचे होते, कडेला मात्र गंजाचा कंगोरा उठला होता. शेजारच्या गाळ्यात लेथवर दोन्ही बाजूंना हलका हात मारून आणायचं ठरलं. हे सुख उद्यमनगरात आहे: हाक मारावी इतक्या अंतरावर लेथ असतो.

पॅड आणायला मालकासोबत मीही गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन खोकी ठेवली, एक स्वस्त, एक जवळजवळ दुप्पट किमतीचं. मालकाचा हात स्वस्ताकडे गेला. मी दोन्ही उघडायला लावली. स्वस्त खोक्यात चार पॅड, चारही सारखे, पाठ कोरी. ना शिम, ना पत्ती. दुसऱ्यात चारांपैकी दोघांच्या पाठीवर पत्ती होती, शिवाय नव्या क्लिपांचं छोटं पाकीट. दुकानदारच म्हणाला, “साहेब, फरक त्याचाच हाय. ह्यो वरडून सांगंल, त्यो न सांगताच संपंल.” कमी किमतीचा प्रत्येक पॅड वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पण ज्याने खर्च वाचवायला पत्तीच काढून टाकली, त्याने पॅडच्या मिश्रणात काय वाचवलं असेल हा प्रश्न मनात येतोच. मालकाने थोडा विचार करून पत्तीवाले घेतले.

बसवतानाही पत्तीचा मान राखावा लागतो. मिस्त्रींनी चारही पॅड गोणपाटावर मांडले, डाव्या-उजव्याची जोडी लावली, पत्तीवाले आत जातील असे धरले. जुन्या पॅडवर पत्ती वरच्या टोकाला होती की खालच्या, ते आधीच बघून ठेवलं होतं. ती उलटी बसली तर एकतर पहिल्याच दिवसापासून घासते किंवा वेळ आली तरी शिवत नाही. पिना तारेच्या ब्रशने साफ केल्या, नवे बूट चढवले, ब्रेकसाठीचंच सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावलं. पॅडच्या तोंडाला हात लागू दिला नाही. डब्यातलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घेतलं आणि मग जुना पॅड आडवा ठेवून सी-क्लँपने पिस्टन हळूहळू मागे रेटला. नव्या पत्तीचं टोक आता चकतीपासून दूर, मागे उभं होतं.

चाकं चढली, जॅक उतरला आणि मालक चावी लावून गाडी काढायच्या बेतात होता. मिस्त्रींनी काचेवर थाप मारली. “आधी पंपिंग करा. पाय पार खाली जाईल, घाबरू नका. घट्ट लागोस्तर हलवायची न्हाई गाडी.” पिस्टन मागे रेटलेला असतो, पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात, पंपिंग न करता रस्त्यावर काढलेली गाडी पहिल्याच चौकात पुढच्याला धडकते. पेडल घट्ट झालं. डब्यातली पातळी पुन्हा पाहिली. मग वाघबीळपर्यंत जाऊन यायचं ठरलं, रस्ता रिकामा मिळेल तिथे साठच्या वेगावरून वीसवर हलक्या पायाने आणायची, मध्ये चकती निवू द्यायची, असं आठ-दहा वेळा. पहिले दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळायचा. नव्या पॅडचा थर चकतीवर सारखा बसला म्हणजे पुढे तो कुरकुरत नाही.

मालकाने विचारलं, “आता परत कधी आणू?” मिस्त्रींनी मार्करने सर्व्हिस स्टिकरवर किलोमीटर लिहिले, त्याखाली ‘पिना साफ’ असं लिहिलं आणि म्हणाले, “पावसाळा संपला की पिना बघून जावा. पॅडचं ती सांगंल.”